वाण आणि गुण



आपल्या मराठी भाषेत दोन म्हणी अशा आहेत की त्या एका घरात नांदतात खऱ्या, पण त्यांचे एकमेकींशी पटत नाही. एक म्हणते, 'खाण तशी माती.' दुसरी म्हणते, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' पहिलीच्या मते माणसात जे काही आहे ते त्याच्या कुळातून आलेले असते. दुसरीच्या मते ते तो ज्याच्या दावणीला बांधला गेला त्याच्याकडून आलेले असते. बैलाचा रंग बदलत नाही, शेजाऱ्याची खोड मात्र त्याला लागते. आपण या दोन्ही म्हणी सोयीप्रमाणे वापरतो. शेजाऱ्याचा मुलगा बिघडला तर 'खाण तशी माती', आणि आपला बिघडला तर 'संगत वाईट लागली हो!'

रायपुरातील ज्या वसाहतीत माझे वास्तव्य आहे तिचे नाव समता कॉलोनी. नावात समता आहे. तरीही एखाद्या रात्री कोणाकडे चोरी झाली की सकाळी फाटकाशी जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न 'काय गेले' हा नसतो, 'कोण असावा' हा असतो. आणि 'कोण' म्हणजे कोणत्या वस्तीतला, कोणत्या जातीचा. मग कोणी वडीलधारे गृहस्थ निकाल देतात, 'त्यांच्या रक्तातच असते ते.' हे वाक्य मी येथे हिंदीत, छत्तीसगढीत आणि मराठीत, तिन्ही भाषांत ऐकले आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला एवढे ठाऊक असते की खरा अर्थ एका भाषेतून दुसरीत नेताना घाम गाळावा लागतो. इतक्या विनासायास तिन्ही भाषांत उतरणाऱ्या वाक्याविषयी म्हणूनच मला संशय येतो.

या वाक्याचा एकदा कायदा झाला होता. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा संमत केला. त्यामागचा युक्तिवाद असा होता की, हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा ज्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा आहे अशाही जाती येथे असणार, आणि त्यांत जन्मलेला माणूस गुन्हा करीतच राहणार. आरंभी उत्तरेत लागू झालेल्या या कायद्याची व्याप्ती १९११ साली वाढवून तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला गेला आणि १९२४ साली त्याची पुन्हा नव्याने बांधणी झाली. नोंद झालेल्या माणसाने पोलिसांपुढे हजेरी द्यावी, दाखल्यावाचून गाव सोडू नये, असा शिरस्ता होता. अपराध सिद्ध होण्याची गरज नव्हती. जन्म सिद्ध झाला म्हणजे पुरे. पुढे १८७६ साली इटलीत लोंब्रोसो नावाच्या वैद्याने ग्रंथ लिहून प्रतिपादले की जन्मजात गुन्हेगार हा कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो. आमच्याकडे मोजपट्टीचीही आवश्यकता भासली नाही. जातीचे नाव पुरले.

आता या युक्तिवादाकडे क्षणभर थांबून पाहावे. सुताराचा मुलगा सुतार होतो हे खरे. पण तो हातात रंधा घेऊन जन्माला येत नाही. तो बापाशेजारी भुश्श्यात बसतो, लाकडाची शीर ओळखायला शिकतो, बोट कापून घेतो, शिव्या खातो, आणि एके दिवशी त्याचा पाट सरळ होतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे उदाहरण होते ते शिकण्याचे होते. त्यांनी त्याचा निष्कर्ष मात्र रक्ताचा काढला. गुण पाहिला आणि वाण लिहिला. 'वाण' हा शब्दही मुळात 'वर्णा'पासूनच आला आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

या लेखनाचे डाग भाषेवर अजून आहेत. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत. बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, पारधी यांच्याबरोबर त्यांत 'भामटा' हेही नाव आहे. मराठी बोलणाऱ्या कोणाही माणसाला 'भामटा' म्हणजे काय असे विचारा. तो 'लबाड, फसवणारा' असेच सांगेल. एका समाजाचे नाव आपण शिवी म्हणून शब्दकोशात घातले आहे. शास्त्रातील फसवणाऱ्या माणसासाठी मराठी शब्द शोधताना हा शब्द सहज जिभेवर येतो. तो तेथे येऊ देता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

*

विसाव्या शतकात मानसशास्त्राने 'अध्ययन', म्हणजे शिकण्याची क्रिया, हा आपला एक मुख्य विषय केला, आणि त्यातून गुन्ह्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अध्ययनाच्या उपपत्ती अनेक आहेत. पाव्हलॉवच्या कुत्र्याच्या तोंडाला घंटेच्या आवाजाने लाळ सुटू लागली, तसे सहवासाने प्रतिक्रिया जडणे याला आपले पाठ्यपुस्तककार अभिसंधान म्हणतात. त्याचा आधार घेऊन हान्स आयझेंक यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की सदसद्विवेकबुद्धी म्हणजे बालपणी शिक्षेच्या भीतीने जडलेली सवय होय, आणि ज्यांना ती सहज जडत नाही ते गुन्ह्याकडे वळण्याचा संभव अधिक. मला हे फार तोकडे वाटते. विवेकाला भीतीचे आंबवण असेल, पण तो भीतीचाच पदार्थ नव्हे. स्किनर यांनी कृतीच्या फळाकडे लक्ष वेधले : ज्या कृतीमागून लाभ येतो ती पुन्हा घडते. पहिले पाकीट यशस्वीपणे मारणाऱ्या पोराला त्या रात्री गोडधोड मिळाले, पाठीवर थाप पडली, तर दुसरे पाकीट फार दूर नसते.

मात्र या सर्वांत ज्या प्रयोगाने मला अधिक विचारात पाडले तो अल्बर्ट बांडुरा यांचा. १९६१ साली त्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एक प्रौढ व्यक्ती हवेने फुगवलेल्या मोठ्या बाहुल्याला ठोसे मारी, हातोडीने बडवी, कठोर शब्द उच्चारी. काही मुलांना सौम्य वर्तन दाखवले. काहींना काहीच दाखवले नाही. नंतर मुलांना त्याच बाहुल्याजवळ सोडले असता पहिल्या गटातील मुलांनी ते ठोसे, ती हातोडी आणि ते शब्दसुद्धा जसेच्या तसे गिरवले. त्यांना कोणी बक्षीस दिले नव्हते, कोणी 'असे कर' म्हटले नव्हते. त्यांनी नुसते पाहिले होते.

पण १९६५ साली त्यांनी केलेला पुढचा प्रयोग त्याहूनही महत्त्वाचा आहे. या वेळी मुलांना चित्रपट दाखवला. काहींनी पाहिलेल्या चित्रपटात मारणाऱ्याला शेवटी खाऊ मिळाला, काहींनी पाहिलेल्यात त्याला शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. येथेच थांबलो असतो तर शिक्षेचा जयजयकार झाला असता. परंतु नंतर सर्वच मुलांना सांगण्यात आले की, चित्रपटातील माणसाने जे केले ते करून दाखवाल तर बक्षीस मिळेल. तेव्हा शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही इतरांइतकेच सर्व काही करून दाखवले! शिक्षेने हात थांबला होता. धडा पुसला गेला नव्हता. तो आत बसून राहिला होता, योग्य किंमत मिळण्याची वाट पाहत. आपल्या तुरुंगांविषयी बोलताना हा निष्कर्ष आपल्याला पुन्हा लागेल.

प्रयोगशाळेतील बाहुल्याकडून खऱ्या गुन्ह्याकडे यायचे तर एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाकडे जावे लागते. बाप्टिस्ट पंथाच्या कडक घरात वाढलेल्या या माणसाने १९३९ साली आणि अधिक पूर्ण रूपात १९४७ साली मांडलेली उपपत्ती थोडक्यात अशी : गुन्हा हा वारशाने येत नाही, तो शिकला जातो, आणि तो मुख्यतः जवळच्या माणसांत शिकला जातो. शिकण्यात दोन गोष्टी येतात. एक हातोटी, दुसरी त्या हातोटीला लागणारी कारणे, सबबी आणि दृष्टी. माणूस ज्या संगतीत आहे तेथे कायदा मोडण्याच्या बाजूचे धडे त्याच्या विरुद्ध बाजूच्या धड्यांहून भारी झाले की तो गुन्ह्याकडे झुकतो. संगत किती लवकर लाभली, किती वेळा, किती काळ आणि किती जिव्हाळ्याची, यावर तिचे वजन ठरते. ढवळ्या-पवळ्याची म्हण शास्त्रीय परिभाषेत मांडली तर ती याहून फार वेगळी दिसणार नाही.

मराठीत याचा पुरावा हवा असेल तर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचावे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९८८ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवलेल्या या आत्मकथनात लातूरजवळच्या धनेगावातील एका वस्तीचे जीवन आहे. तेथे चोरी ही एक शाळा आहे. मुलांना हात चलाख करायला शिकवतात. त्याहीपेक्षा कठीण म्हणजे मार खायला शिकवतात, पोलिसांनी कितीही मारले तरी सोबत्याचे नाव तोंडातून जाऊ नये म्हणून. जी गोष्ट रक्तात असते ती अशी मारून मुटकून शिकवावी लागत नाही. माशाला पोहण्याची तालीम कोणी देत नाही.

आणि त्याच घरातील लेखक मात्र चोर झाला नाही. त्याच्या वडिलांनी त्याला शाळेत घातले. वस्तीतील मुले आजारी पडली तेव्हा दोष आला तो शाळेत जाणाऱ्या या पोरावर. एका शाळेला दुसरी शाळा कशी सोसवत नाही, हे तो प्रसंग वाचताना कळते. गावाने तरी दुसरे काय केले? ज्या माणसाला दाखल्यावाचून वेशीबाहेर पडता येत नाही, ज्याचे नाव ऐकताच कोणी कामावर ठेवत नाही, त्याच्यापुढे शिकण्यासारखा एकच धंदा उघडा राहतो. पोलीस, पाटील आणि प्रतिष्ठित गावकरी यांनी बाकीच्या सर्व शाळांची दारे बंद केली, आणि मग म्हटले, पाहा, हे लोक एकाच शाळेत जातात!

आमच्या या भागातही याचे एक जुने उदाहरण आहे. रायपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे दीर्घकाळ एकाच प्रांतात होती. त्या जबलपुरात स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने ठगांचा बंदोबस्त केला आणि १८३६ साली ठगांच्या गुप्त बोलीचा एक कोशच छापला. त्यात नोंदलेल्या जबान्यांत मुलांना या धंद्यात कसे आणीत त्याचे वर्णन येते. पहिल्या मोहिमेत मुलाला काहीच दिसू देत नसत. त्याला फक्त फिरणे, तट्टू आणि लुटीतून घेतलेली भेटवस्तू ठाऊक. मग हळूहळू चोरी कळे. खुनाचा संशय येई तो त्यानंतर, आणि डोळ्यांनी सारे पाहण्याची वेळ येईपर्यंत मन तयार झालेले असे. या जबान्या माफीच्या साक्षीदारांच्या होत्या, आणि त्यांवर इतिहासकारांनी पुढे रास्त शंका घेतल्या आहेत. ठगांचा जो महापंथ स्लीमनला दिसला तो तसा होता की नाही, हा वादाचा विषय आहे. तथापि पायरीपायरीने मन निबर करण्याची ही रीत कोणालाही ओळखीची वाटेल. आणि गंमत पाहा : गुन्हा वंशपरंपरेने येतो असे मानणाऱ्या त्याच राजवटीने १८३७ साली जबलपुरातच या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा काढली, आणि तेथे ते तंबू व गालिचे विणायला शिकले.

*

वाचकहो, येथवर आपण 'त्यांच्या'विषयी बोललो. सदरलँडने मात्र 'त्यांच्या'पाशी थांबायचे नाकारले. गुन्हा दारिद्र्यातून आणि बिघडलेल्या घरांतून येतो, असे त्याचे समकालीन म्हणत असता त्याने १९३९ साली 'पांढरपेशा गुन्हा' ही कल्पना मांडली. १९४९ साली त्याने अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांनी केलेल्या कायदेभंगाचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रकाशकाच्या भीतीमुळे त्यातून कंपन्यांची नावे गाळावी लागली; ती असलेली आवृत्ती निघायला १९८३ साल उजाडले. त्याचे म्हणणे एवढेच होते की, सुटाबुटातील व्यवस्थापक आणि खिसेकापू एकाच पद्धतीने शिकतात : वरिष्ठांच्या हाताखाली, मित्रांच्या संगतीत, 'सगळेच करतात' या मंत्राने.

या मंत्राचा अभ्यास पुढे साइक्स आणि मॅट्झा या दोघांनी १९५७ साली केला. अपराध करणाऱ्याला बरेवाईट कळत नाही असे नाही, असे ते म्हणतात; तो आपल्या विवेकाची तोंडे बंद करण्याच्या पाच युक्त्या शिकलेला असतो. माझा नाइलाज होता. कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. त्याला तसेच पाहिजे होते. मला नावे ठेवणारे कोठे मोठे सज्जन लागून गेले! आणि, मी माझ्यासाठी नव्हे, माझ्या माणसांसाठी केले.

आता आपल्या घरांत कान देऊन ऐकावे. समता कॉलोनीसारख्या सुशिक्षित वस्तीत रात्री भिंतीवरून उडी मारायला कोणी शिकवत नाही. पण दारात वर्गणी मागणारा आला असता 'बाबा घरी नाहीत असे सांग' हे आपण मुलाला शिकवतो, आणि ते सांगताना बाबा आतल्या खोलीत आहेत हे त्याला दिसत असते. घर विकताना कागदावर एक किंमत आणि पिशवीत दुसरी, हे जेवणाच्या ताटावर बोलले जाते. दुकानदार विचारतो, 'पक्के बिल हवे की कच्चे?' आणि मूल आपल्या तोंडाकडे पाहते. बांडुरांच्या बालवाडीतील मुले असाच आ वासून पाहत होती. मंडळीच्या हिशेबाच्या वह्यांतही हेच घडताना पाहिलेले वाचक या अंकाला लाभले असतील. तेथे पाचवी युक्ती फार चालते : देवाच्या कामासाठीच तर केले!

गायकवाडांच्या वस्तीतील बाप आपल्या मुलाला मार सोसायला शिकवत होता, कारण पकडले जाण्याची खात्री होती. आम्ही आमच्या मुलांना मार सोसायला शिकवत नाही. पकडले जाणार नाही याची आम्हांला खात्री असते. शिकवणीत फरक आहे तो एवढाच.

*

मग प्रश्न उभा राहतो तो नीतिशास्त्राचा. गुन्हा शिकवलेला असेल तर शिकलेल्याचा दोष किती? ज्याला सहाव्या वर्षी हात चलाख करायला शिकवले त्याला सोळाव्या वर्षी आपण कोणत्या तोंडाने अपराधी म्हणावे? पुष्कळ श्रद्धावंतांना या उपपत्तींची भीती वाटते ती यामुळेच. पापाचे खापर संगतीवर फुटले की पश्चात्तापाला जागा राहत नाही, असे त्यांना वाटते.

माझ्या कामाचा भाग म्हणून इब्री भाषेतील एका धातूशी माझा अनेक वर्षे संबंध आला आहे. 'लामद' म्हणजे शिकणे. त्यापासून 'लिम्मूद' हा शब्द होतो; शिकलेला, शिकवलेला, तालमीत तयार झालेला. ('तालीम' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, 'तालमीद' हा शिष्यवाचक इब्री शब्द त्याच्यासारखा वाजतो, पण धातू वेगळे आहेत, नादावर जाऊ नये.) यशयाच्या आठव्या अध्यायात संदेष्टा आपल्या शिष्यांना हाच शब्द लावतो. आणि यिर्मयाच्या तेराव्या अध्यायात, जेथे चित्त्याच्या ठिपक्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे, तेथे दुष्टपणा अंगवळणी पडलेल्या लोकांनाही हाच शब्द आहे! भाषांतरात आपण तेथे 'सवयी'चा अर्थ आणतो, आणि तो चुकीचा नाही. पण मुळात ते दुष्टपणाचे शिष्य आहेत. त्याच यिर्मयाने नवव्या अध्यायात लोकांनी आपल्या जिभेला खोटे बोलायला शिकवल्याचे म्हटले आहे, धातू तोच. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात राष्ट्रे ज्या दिवशी युद्ध शिकणे सोडतील त्या दिवसाचे चित्र आहे, धातू तोच. आणि पहिल्याच अध्यायात, वाईट सोडा असे सांगितल्यावर लगेच जी आज्ञा येते ती चांगले करायला शिका अशी आहे.

संदेष्ट्यांना दोष पातळ करायचा नव्हता, हे सांगायला नको. तरीही दुष्टपणा शिकलेला असतो असे म्हणायला ते कचरले नाहीत. किंबहुना म्हणूनच त्यांना आज्ञा करता आली. जे रक्तात आहे ते टाकून दे, असे कोणी कोणाला सांगत नाही. जे शिकलास ते टाक, दुसरे शीक, हे सांगण्यात अर्थ असतो. गुन्हा शिकलेला आहे ही गोष्ट पश्चात्तापाची वाट अडवत नाही. जन्मजात गुन्हेगाराची कल्पना ती अडवते.

पण माझ्या मते या उपपत्तींना मर्यादा आहे, आणि ती लपवू नये. काइनाला कोणी शिकवले? उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात खुनी माणसांची टोळी नाही, वाईट वस्ती नाही, पाहून गिरवावा असा एकही खून त्याआधी झालेला नाही. शिकण्याची साखळी मागे मागे नेली की कोठे तरी न शिकलेला पहिला शिक्षक उभा राहतो, आणि त्याच्याविषयी मानसशास्त्र गप्प बसते. शिवाय एकाच घरातले, एकाच संगतीतले दोन भाऊ वेगळ्या वाटांनी जातात. सदरलँड म्हणेल, त्यांच्या संगतीची मापे वेगळी होती. असेलही. पण ती मापे आधी कोणाला घेता येत नाहीत. परिणाम पाहून मागाहून सांगितली जातात. धडा मिळणे आणि तो गिरवणे यांच्यामध्ये एक अरुंद जागा आहे. बांडुरांच्या मुलांनी सर्व काही शिकूनही ते लगेच केले नव्हते. त्या जागेत माणूस एकटा असतो.

यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात संदेष्टा आंबट द्राक्षांच्या एका प्रचलित म्हणीवर तुटून पडतो. बापाच्या करणीने मुलाचे दात आंबतात, ही इस्राएलाची 'खाण तशी माती'. ती म्हण आता बोलायची नाही, असे तेथे बजावले आहे; ज्याचे पाप त्याच्याच माथी. १८७१ च्या कायद्याविरुद्ध याहून नेमका युक्तिवाद मला ठाऊक नाही. आणि दुसरीकडे, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जाते बांधण्याविषयी प्रभूने जे म्हटले आहे ते शिकवणाऱ्याला उद्देशून आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे असते. जबाबदारी ही भाकरी नव्हे की दुसऱ्याने तुकडा मोडून घेतला म्हणजे आपला वाटा कमी व्हावा. ती शिकलेल्याची पुरी असते आणि शिकवणाऱ्याचीही पुरी. ज्यांनी दुसरे काही शिकवायचे नाकारले त्यांच्यापर्यंतही ती पोचते.

*

या शेवटच्या गटात आपणही येतो, म्हणून आपल्या मिशनांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती चालवण्याचे काम सरकारने अनेक ठिकाणी मिशनांकडे सोपवले. १९०८ पासून मुक्तिफौजेने उत्तर हिंदुस्थानात हे काम हाती घेतले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनने पाहिली. त्या भागाला सोलापुरात 'सेटलमेंट' हेच नाव राहिले. या मिशनरी मंडळींना रक्ताचा सिद्धान्त मान्य नव्हता. माणूस बदलतो यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांनी शाळा, काम व औषध दिले. परंतु संगत तोडायची तर मुलाला आईपासूनच तोडावे, हा उपायही त्या काळी अनेक वसाहतींत योजला गेला. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला तसा अधिकारच दिला होता. उपपत्तीचे शब्द जन्मण्यापूर्वीच तिचा हा अर्धवट प्रयोग होता. संगत वाईट म्हणून ओळखली, पण त्या संगतीतच प्रेमही होते हे ओळखले नाही. कुंपणात राहून मूल सूत कातायला शिकले. आपली आई धोकादायक आहे, हेही शिकले.

याच्या उलट प्रयोग आपल्याच भूमीत झाला. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन हा पोलंडहून आलेला इंजिनियर यांच्या पुढाकाराने गंभीर गुन्ह्यांतील कैदी तेथे भिंतीवाचून, कुटुंबासह, शेती करीत राहू लागले. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी ही कल्पना कथेत गुंफली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट पाहून डोळे पुसलेले लोक पुष्कळ. पण तो प्रयोग खरा होता आणि आटपाडीच्या माळावर झाला होता, हे ठाऊक असणारे थोडे.

बाकी तुरुंग मात्र अध्ययनाच्या दृष्टीने फार कार्यक्षम शाळा आहेत. २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप ठरलेला नाही असे. चोरीच्या संशयावरून आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण महिनोन्‌महिने सराईतांच्या शेजारी निजतो. लवकर, वारंवार, दीर्घकाळ आणि जिव्हाळ्याने, ही सदरलँडची चारही मापे त्या बराकीत भरतात. आणि बाहेर आल्यावर त्याच्याशी कोण बोलते?

परूशांचा आक्षेप येथे आठवतो. जकातदारांबरोबर जेवतो, हा त्यांचा आरोप संगतीच्या उपपत्तीवरच उभा होता : वाईट संगत चांगल्याला बिघडवते. पौलानेही करिंथकरांना या धोक्याची जाणीव दिली आहे, आणि ती खोटी नाही. पण जक्कयाच्या घरी जेवायला बसणाऱ्याने तीच उपपत्ती उलट बाजूने वापरली. ढवळ्याचा गुण पवळ्याला लागतो, तर चांगला गुण का लागू नये? जेवण आटोपले तेव्हा जक्कय चौपट परत करण्याची भाषा बोलू लागला होता. तो शब्द त्याला जकातनाक्यावर कोणी शिकवला नव्हता. इफिसकरांस लिहिताना पौल चोराला चोरी सोडायला सांगून थांबत नाही. हातांना काम दे, आणि गरजवंताला देता यावे म्हणून दे, असे तो म्हणतो. हात तेच, हातोटी नवी, कारणही नवे. त्याला काम कोण देणार, हे मात्र त्या पत्रात लिहिलेले नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. मुंबई प्रांताने तो १९४९ सालीच काढून टाकला होता. जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि इतर राज्यांतही तसे कायदे झाले. जन्माची जागा सवयीने घेतली, पण पोलिसांचे पाय पुष्कळदा जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिले. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर काही जमातींचे लोक सराईत समजावेत आणि कामे जातीप्रमाणे वाटावीत, अशी कलमे तशीच राहिली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना ती घटनाबाह्य ठरवली, आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. कायदा जाऊन तेव्हा ७२ वर्षे झाली होती.